एसटीचा पैसा अभ्यासायला निघालात तर आधी हे वाचा

राज्य सरकार सार्वजनिक वाहतुकीवर पैसा कसा लावतं यावर ज्यांनी नुकतंच काम हातात घेतलंय, प्रोजेक्ट असो की पहिली नोकरी, त्यांच्यासाठी लिहितेय. महसुली (रोजचा चालू खर्च) आणि भांडवली (गाड्या, इमारती अशी मालमत्ता उभी करणारा खर्च) म्हणजे काय हे तुम्हाला माहिती असणारच, ते मलाही माहिती होतं, आणि तरीही माझा पहिला रिपोर्ट चुकला.

झालं असं, की बजेटच्या पुस्तकात एसटीच्या नावाने जी जी रक्कम दिसली ती मी बेरजेत घेतली आणि वर हेडिंग दिलं, 'राज्याची एसटीतली गुंतवणूक'. तीन महिन्यांचं काम होतं. एसटीच्या लेखा शाखेतून रिटायर झालेल्या ओळखीच्या एका काकांना दाखवायला नेलं. ते पेन्सिलने एकेका ओळीपुढे टिंब देत गेले आणि शेवटी म्हणाले, "ह्यातून गाड्या किती आल्या?" मला काही बोलताच येईना.

आता नीट बघा, कारण यात जवळजवळ सगळेच अडकतात. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. भाडं 100 रुपये असेल तर बाई 50 देते आणि उरलेले 50 सरकार महामंडळाला देणं लागतं, त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. म्हणजे गाडी धावून झाली, डिझेल जळलं, ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी झाली, त्याचंच हे राहिलेलं भाडं. त्यातून नवीन गाडी येत नाही आणि स्टँडवर एक फरशी बसत नाही. 75 च्या वरच्या आजी-आजोबांना तर ऑगस्ट 2022 पासून पूर्ण प्रवास मोफत आहे, तिथे अख्खं भाडंच सरकारकडून यायचं असतं.

हे पुस्तकातून डोक्यात शिरत नव्हतं म्हणून काका मला एका डेपोत घेऊन गेले. संध्याकाळी कंडक्टर लोक मशीन आणि कॅश जमा करत होते. एका कंडक्टर ताईंनी दिवसाचा हिशोब दाखवला, त्यात मध्येमध्ये शून्य रुपयांची तिकिटं. मी विचारलं, पैसेच घ्यायचे नाहीत तर तिकीट कशाला? त्या म्हणाल्या, "तिकीट काढलं नाही तर सरकारकडे मागायचं कशाच्या जोरावर?" त्या एका वाक्याने माझं टेबल सरळ झालं. ती शून्याची तिकिटं डेपोतून विभागात, तिथून मुंबईच्या मुख्यालयात आणि मग मंत्रालयात मागणी बनून जातात, आणि पैसा परत खाली यायला वेळ लागतो, तोपर्यंत पगार आणि डिझेल थांबत नाही. शिवाय तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर एसटी सरकारलाच भरत आलीय, तीही बाजू धरा, नाहीतर चित्र एकतर्फी होतं.

मग गुंतवणूक ओळखायची कशी, तर लेखाशीर्षाचा, म्हणजे बजेटमध्ये त्या खर्चाला दिलेल्या कोडचा, पहिला आकडा बघायचा. 3055 म्हणजे मार्ग परिवहनावरचा महसुली खर्च, 5055 भांडवली आणि 7055 म्हणजे कर्ज. तिन्हीची बेरीज करू नका. अजिबात करू नका!! कर्ज परत करायचं असतं, प्रतिपूर्ती हे देणं असतं, आणि 2021-22 च्या मोठ्या संपानंतर पगारासाठी जो निधी येत गेला तो पगारच असतो. आणि 5055 मध्येसुद्धा तरतूद दिसली म्हणून पैसा पोचला असं धरू नका. मार्चमध्ये तरतूद होते, पावसाळी-हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, मग शासन निर्णय निघतो, मग बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी वितरित होतो, यातल्या प्रत्येक पायरीला आकडा बदलू शकतो. 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च हवा असेल तर 2025-26 चं पुस्तक उघडा, दोन वर्षं थांबावं लागतं, त्याला इलाज नाही.

भाड्याच्या गाड्यांचं अजून वेगळं. 5150 ई-बसचा करार भाडेतत्त्वाचा आहे, पैसे किलोमीटरमागे द्यायचे. गाड्या रस्त्यावर नवीन दिसतात पण त्यांचं भाडं एसटीच्या चालू खर्चात जातं, त्यामुळे भांडवली रकान्यात त्या सापडत नाहीत म्हणून घाबरू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. पेपरमधल्या हेडलाइनवरून आणि ग्रुपवर फिरणाऱ्या तयार पीडीएफ सारांशावरून टेबल बनवू नका, त्यात तरतूद, घोषणा आणि खर्च सगळं एकाच शब्दात लिहिलेलं असतं. मूळ पुस्तकातून कॉपी करताना मराठी अक्षरं फुटतात, हाताने टाइप करा, कंटाळवाणं आहे पण टाइप करतानाच ओळी कळतात. भाषण कोटींत असतं आणि पुस्तक हजारांत, तेवढं सांभाळा. आणि मार्गदर्शक शोधताना मोठ्या पदाच्या मागे जाऊ नका. ज्याने वीस वर्षं बिलं पास केलीत त्याच्याकडे जा, असा माणूस रागावतो पण सांगतो.

एसटी, मेट्रो, बेस्ट एकाच टेबलात टाकायची घाईही नको. एसटीचे शासन निर्णय गृह विभागात शोधा, मेट्रो नगर विकासकडे, नागपूर-पुणे मेट्रोच्या महामेट्रो कंपनीत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे, बेस्ट मुंबई महापालिकेची, पीएमपीएमएल ही बससेवा पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची. सुरुवातीला एकच घ्या.

पहिले दोन महिने काहीच कळत नाहीये असं वाटेल, मला रडू आलं होतं खरं सांगते, पण तिसऱ्यांदा तेच पान उघडलं की ओळखीचं वाटायला लागतं, नक्की लागतं. माझं नवीन टेबल घेऊन गेले तेव्हा काकांनी पेन्सिल उचललीच नाही. फक्त गाड्यांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यातल्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या आपल्या वर्कशॉपमध्ये बांधलेल्या किती आणि तयार आणलेल्या किती?" सध्या तेच शोधतेय.