तालुक्यात राहून कलेवर लिहायचं तर

धान घरात आलं की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात. दिवाळीपासून होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्रभर नाटकं चालतात आणि लोक तिकीट काढून, घोंगडी पांघरून ती पाहतात. २०२३ साली या नाटकांतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या नाटकांचं, नाव सगळीकडे झालं. पण या रंगभूमीच्या एखाद्या प्रयोगावर, तो बघून आलेल्या माणसानं मनापासून लिहिलेली चार पानं शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. लाकडी बैल घडवणारे, कोसा म्हणजे रानरेशीम विणणारे, दंडार या इथल्या लोकनाट्यात नाचणारे यांच्याबद्दलही तेच.

हे लिहिणारा माणूस मुंबई-पुण्याहून येईल म्हणून वाट पाहू नका. तो तालुक्यातच असतो. कुणी शाळेत शिकवतो, कुणी कृषी केंद्र चालवतो, कुणी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असते. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

आधी हद्द आखा. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढाच मुलूख घ्या आणि त्यातल्या एक-दोन कला धरा. चामोर्शीकडचे असाल तर वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची कोरीव देवळं आहेत. मेळघाटात कोरकू आदिवासींचे कोरीव लाकडी स्मृतिस्तंभ आहेत. मोहाडीकडे कोशाचे माग आहेत. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या बापूकुटीत मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी उठावात काढलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. शेकडो लोक रोज त्या भिंतीसमोरून जातात, पण ती कलाकृती म्हणून थांबून पाहणारे थोडे. ‘विदर्भाची लोककला’ असा विषय घेतलात तर तिसऱ्या लेखाला दम संपेल. एका तालुक्यातली एक कला मात्र दहा वर्षं पुरते.

मग पाहायला बसा. खरं काम इथेच आहे. तान्हा पोळा म्हणजे पोरांनी लाकडी बैल मिरवायचा सण, त्याच्या महिनाभर आधी बैल घडवणाऱ्याच्या ओसरीवर जा. लाकूड सागाचं की शिवणीचं, कुठून आणलं, किती वाळवलं? मान आणि धड एकाच ओंडक्यातून काढलं की शिंगं-कान वेगळे बसवले? वशिंड आधी उतरवतो की पाय? डोळा रंगवतो की कोरतो, आणि तो शेवटी का करतो? बैल मागवणारं गिऱ्हाईक कोण, आधी पैसे देतं की पोळा झाल्यावर? हे सगळं तिथल्या तिथे वहीत उतरवा, मापासकट. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा. पण केवळ रेकॉर्डिंगवर विसंबू नका, कारण हात काय करत होते ते त्यात येत नाही.

नाटकाचंही तसंच. ‘झाडीपट्टी नाटक म्हणजे आपल्या संस्कृतीचा अनमोल ठेवा’ असं वाक्य आलं की खोडून टाका. ते कुठल्याही नाटकाला लागू पडतं. त्याऐवजी पेटीवाला कुठे बसला होता ते लिहा. प्रॉम्प्टरचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत येत होता का, मधल्या नाचगाण्याला चहाला कोण उठलं आणि कोण जागेवर घट्ट बसलं, पहाटे दव पडू लागल्यावर म्हातारीच्या रडण्याच्या प्रवेशाला बाया कशा गप्प झाल्या, ते लिहा. हे वाचलं की साताऱ्याच्या वाचकालाही मंडप दिसतो.

आता अवघड भाग. ज्या गावात राहतो तिथल्या माणसाच्या कामात उणं काढायचं कसं? उद्या तोच किराणा दुकानात भेटणार. तरी उणं दिसलं तर लिहायलाच हवं. नुसतं कौतुक वाचून कलावंताला काही मिळत नाही, वाचकाचाही विश्वास उडतो. दोन पथ्यं पाळा. दोष कामाचा सांगा, माणसाचा नको, आणि तो कशामुळे दोष वाटतो ते त्याच वाक्यात सांगा. ‘तिसरा अंक रेंगाळला, कारण बापाचं गुपित प्रेक्षकाला दुसऱ्या अंकातच कळलं होतं’, असं लिहिलं तर लेखक रागावेल, पण विचारही करेल.

छापण्याआधी वाचून दाखवा. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या घरी जाऊन माहितीचा भाग मोठ्यानं वाचा. ‘माहा बैल सागाचा नाही, शिवणीचा हाय’ असं तो म्हणाला की तिथेच दुरुस्त करा. माहिती त्याची आहे, मत तुमचं. मत बदलायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. फोटोसाठी वेगळी परवानगी घ्या. कोरकूंचे स्तंभ गेलेल्या माणसांच्या नावानं उभे असतात. त्यांच्यासमोर कॅमेरा काढण्याआधी त्या घरच्यांना विचारायलाच हवं.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. डीटीपीवाल्याकडचे जुने फॉन्ट कागदावर देखणे दिसतात, पण तो मजकूर इंटरनेटवर शोधून सापडत नाही. आपली प्रत युनिकोडमध्ये ठेवा, छपाईसाठी तो हवं तर बदलून घेईल.

छोटी पुस्तिका काढा. ए-फोरचे ४ कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध घडी घातली की १६ पानं होतात. पहिल्या कागदाच्या एका बाजूला १६वं आणि १लं पान, उलट बाजूला २रं आणि १५वं. घडीवर दोन पिना मारल्या की अंक तयार. झेरॉक्सवाल्याकडून दर घ्या, त्यात जाड मुखपृष्ठाचा खर्च मिळवा आणि किंमत दुप्पट ठेवा, म्हणजे फुकट द्यायच्या प्रतींचा खर्च निघतो. वर्षाला चार अंकांपेक्षा जास्तीचं वचन देऊ नका. पोळा, दिवाळीनंतरची मंडई, महाशिवरात्र आणि अक्षय्य तृतीया हे मुहूर्त सोयीचे. मार्कंड्याची जत्राही महाशिवरात्रीलाच असते.

कायद्याचं थोडक्यात. ठरावीक काळानं निघणारं, बातम्या आणि त्यांवरची टिप्पणी असलेलं प्रकाशन काढणार असाल तर १ मार्च २०२४पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. एका विषयावरची सुटी पुस्तिका हे पुस्तकच. त्यासाठी आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक घेता येतो आणि भारतात तो मोफत मिळतो.

पैशाचं आधी ठरवा. वर्गणी मागायची वेळ म्हणजे कापूस किंवा धान विकून हातात पैसा आलेला असतो ती. जुलैत मागू नका, तेव्हा सगळे बी-खतात अडकलेले असतात. नाटक कंपनीची जाहिरात घ्यायला हरकत नाही, पण ज्या अंकात तिच्या नाटकावर लिहिलंय त्या अंकात ती नको. जमाखर्च शेवटच्या पानावर छापा. शंभर वर्गणीदारांचा असा अंक मोठ्या देणगीदाराच्या अंकापेक्षा जास्त वर्षं चालतो असं माझं ठाम मत आहे, कारण देणगीदार एक दिवस आपल्याच माणसाचं कौतुक मागतो.

दैनिकाला किंवा दिवाळी अंकाला लेख द्याल तेव्हा मानधन आधी विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हक्क लिहून दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. तेव्हा सही करण्याआधी ‘एकदाच छापण्यापुरते’ हे शब्द घालून घ्या.

लांबच्या वाचकापर्यंत. सुरुवात जवळून करा. मंडईत नाटक सुरू होण्याआधी माईक मिळतो, तिथे एक पान वाचून दाखवा. तालुक्यातल्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात एक प्रत द्या, अगदी ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातही. तिथे वर्तमानपत्रं वाचायला येणारे चिकाटीचे वाचक असतात. आकाशवाणीच्या नागपूर, अकोला, चंद्रपूर किंवा यवतमाळ केंद्राला पत्र लिहून भाषणासाठी विषय सुचवा. दिवाळी अंकांना आषाढातच लिहा, गणपतीनंतर पानं भरलेली असतात. मुंबईच्या वाचकासाठी ‘मंडई’ म्हणजे भाजीबाजार असतो. इकडे ती दिवाळीनंतरची जत्रा, हे वाक्याच्या ओघातच उमगू द्या, तळटीप नको. गोंदियाकडे तर एखादा लेख हिंदीत करून द्या, सीमेपलीकडच्या गावांतही दंडार ओळखीची आहे.

स्वतः काढलेले चांगले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मराठी वर्णनासह चढवा आणि मराठी विकिपीडियावरच्या संबंधित लेखाला जोडा. त्याआधी फोटोतल्या माणसाला सांगा, की एकदा तिथे गेलेला फोटो कोणीही वापरू शकतो, विकायलासुद्धा.

पुस्तिका निघाली की ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवा. १९५४च्या कायद्यानं ते प्रकाशकाचं कामच आहे, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांनाही प्रती द्यायच्या असतात. एक प्रत बैल घडवणाऱ्याच्या घरी राहू द्या, त्याच्या नातवंडांच्या हाती लागेल अशा जागी.