नॅसमध्ये एसएसडी टाकताय? या चुका टाळा

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवायची पेटी. तिच्यात एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान ड्राइव्ह) टाकताना पहिली चूक दुकानात जाण्याआधीच होते. कॉपी हळू होतेय म्हणून एसएसडी घ्यायची ठरते, पण अडथळा असतो लॅनचा, म्हणजे घरातल्या नेटवर्कचा. एक गिगाबिटच्या लॅनवरून सेकंदाला 110-115 एमबीपेक्षा जास्त काही जात नाही, आणि सलग मोठी फाइल असेल तर साधी हार्ड डिस्कही तेवढं देते. लग्नाच्या शूटिंगचे 50 जीबी एसएसडी बसवूनही तेवढाच वेळ घेणार. तिथे आधी 2.5 गिगाबिटचा स्विच आणि दोन्ही टोकांना तसे पोर्ट हवेत. एसएसडी कामाला येते ती हजारो छोट्या फाइलींसाठी: फोटोंचे थंबनेल, डॉकर (नॅसवर वेगवेगळे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर), डेटाबेस.

एम.टू स्लॉट (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची खाच) दिसला म्हणून कुठलीही एम.टू चालत नाही. सॅटावाली (जुन्या, हळू जोडणीची) आणि एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) दिसायला सारख्याच असतात. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये सॅटावाली ओळखलीच जात नाही. काही मॉडेलांत हा स्लॉट निव्वळ कॅशसाठी (हार्ड डिस्कच्या मदतीला डेटा तात्पुरता ठेवण्यासाठी) असतो, तिथे व्हॉल्यूम, म्हणजे फाइली कायम साठवायची जागा, बनवता येत नाही. कंपनीची सुसंगत ड्राइव्हची यादी आधी बघा.

2.5 इंची एसएसडी मोठ्या ट्रेमध्ये बसवताना हार्ड डिस्कचे स्क्रू वापरू नका. त्यांचे आटे जाड. एसएसडीला बारीक आट्याचे एम3 लागतात. जोर लावलात तर आटे गेलेच. बाजारातले स्वस्त ब्रॅकेट एसएसडी मधोमध धरतात, मग मागचा कनेक्टर जुळत नाही. ट्रेच्या तळाला 2.5 इंचीसाठी वेगळी भोकं असतात, तीच वापरा.

सगळ्यात महाग पडते ती राइट कॅश. रीड कॅश एका एसएसडीवर ठेवा, ती मेली तरी डेटा हार्ड डिस्कवर शाबूत असतो. राइट कॅशमध्ये मात्र ताज्या फाइली आधी एसएसडीवर असतात, हार्ड डिस्कवर नंतर उतरतात. मधेच एसएसडी गेली तर अख्खा व्हॉल्यूम बिघडू शकतो. म्हणून दोन एसएसडी, रेड 1 मध्ये (दोन्हींवर एकच डेटा), आणि शक्यतो वेगवेगळ्या कंपनीच्या. एकाच बॅचच्या दोन्हींवर सारखंच लिहिलं जातं, त्या झिजतातही बरोबरीने. घरगुती वापराला राइट कॅशची गरज क्वचितच पडते, हे आमचं स्पष्ट मत. काढायची असेल तर आधी सॉफ्टवेअरमधून कॅश काढा, सगळं हार्ड डिस्कवर उतरू द्या, मगच ड्राइव्हला हात लावा.

स्वस्त क्यूएलसीच्या (चिपच्या एका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या एसएसडीच्या) नादी लागू नका. सॅमसंगची 870 क्यूव्हीओ, 1 टीबीची, सलग 42 जीबीच्या आसपास लिहिलं की सेकंदाला 80 एमबीवर येते, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षाही खाली. त्याच कंपनीच्या तेवढ्याच 870 ईव्हीओला 600 टीबी लेखनाची हमी आहे, क्यूव्हीओला 360.

सोलापुरात उन्हाळा आणि वीज, दोन्हींचा हिशेब धरावाच लागतो. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे असताना पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद कपाटात नॅस ठेवलं तर एनव्हीएमई 70 अंशांच्या वर जाऊन स्वतःच वेग कमी करते. पंख्याचा मोड 'शांत'वरून 'थंड'वर न्या. हीटसिंक (उष्णता शोषणारी धातूची पट्टी) लावताना थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायची राहते, ती तपासा. आणि हीटसिंक पातळच घ्या, नाहीतर स्लॉटचं झाकण बसत नाही. पूर्व भागात यंत्रमागांजवळ घर असेल तर सुताचे तंतू जाळीवर बसतात, महिन्यातून एकदा ब्रश फिरवा.

घरातल्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. साध्या मोडला वीज बदलायला लागणाऱ्या क्षणात नॅस रीस्टार्ट होतं. निदान 'यूपीएस' मोड लावा. पण बॅटरी संपत आल्याचं इन्व्हर्टर नॅसला कळवत नाही. त्यासाठी यूएसबी केबलने जोडलेला यूपीएसच हवा, म्हणजे नॅस स्वतःहून नीट बंद होतं.

जुन्या रेडमध्ये 500 जीबीच्या जागी 480 जीबीची एसएसडी घेतली जात नाही. बदली ड्राइव्ह तेवढीच किंवा मोठी लागते.

उरलेली जुनी एसएसडी बॅकअप भरून कपाटात वर्षानुवर्षं ठेवू नका. वीज न मिळाल्यास तिच्यातला डेटा हळूहळू उडतो, आणि झिजलेल्या एसएसडीत गरम खोलीत अजून लवकर. त्या कामाला हार्ड डिस्कच बरी.