मराठी सूचनापत्र कानांनी वाचता येईल असे कसे तयार करावे

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना आता फलकावर लागण्याआधी सभासदांच्या फोनवर येते. शाळेचे परिपत्रक, ग्रंथालयाचा अहवाल आणि मंडळाचे निवेदनही तसेच येते. सचिव कागद टंकलिखित करतात, त्यावर सही-शिक्का होतो, कोणीतरी त्याचा फोटो काढून गटावर पाठवतो आणि सूचना सर्वांना मिळाली असे धरले जाते. ज्या सभासदाला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्या फोनवरही ती पोहोचलेली असते, पण त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, त्या जागी फार तर ‘प्रतिमा’ एवढा एकच शब्द उच्चारते. सभा किती वाजता आहे आणि थकबाकीच्या यादीत आपले नाव आहे का, हे त्याला शेजाऱ्याला विचारावे लागते. स्वतःच्या थकबाकीविषयी शेजाऱ्याला विचारावे लागणे किती अवघड असते, हे मी एका सभासदाच्या तोंडून ऐकले आहे आणि तेव्हापासून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

इमारतीला चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा तर खर्च, जागा आणि परवानगी लागते. सूचनापत्र सुगम, म्हणजे न दिसणाऱ्यालाही वाचता येईल असे, करायला यांतले काहीच लागत नाही. खाली दिलेली पद्धत वर्डमध्ये तयार होणाऱ्या साध्या पत्रासाठी आहे, पण तिची तत्त्वे अहवालाला आणि संकेतस्थळालाही लागू पडतात.

आधी स्वतः ऐका

आपला कागद कसा ऐकू येतो हे जाणून घेतल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांचा अर्थ नीट उमगत नाही, म्हणून सुरुवात येथूनच करावी. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन संगणकतज्ज्ञांनी तो घडवला. त्याचे काम २००६ साली सुरू झाले आणि त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजसंचात मराठीचा समावेश आहे. हा आवाज यांत्रिक वाटतो, परंतु रोज वापरणारी माणसे तो आपल्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगानेही ऐकतात. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असते. ते सेटिंग्जमधील सुलभता विभागातून सुरू करता येते आणि त्यासाठी गूगलचा मराठी आवाज उतरवून घेता येतो. टॉकबॅक सुरू होताच स्पर्शाची रीत बदलते, हे आधीच लक्षात ठेवावे. एकदा टेकवलेले बोट फक्त नाव ऐकवते, तर निवड करण्यासाठी लागोपाठ दोनदा टेकवावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे फोन बिघडला असे समजून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

मग संस्थेची मागच्या वर्षीची सूचना उघडावी, डोळे मिटावेत आणि ऐकावे.

अक्षरे खरी अक्षरे आहेत का ते तपासा

बहुतेक मराठी कागद याच ठिकाणी अडतात, त्यामुळे या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीचा, वापर रुळण्याआधी मराठी टंकलेखन श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांतून होत असे आणि अनेक छापखान्यांत व कार्यालयांत ते आजही होते. या फाँटांत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात, त्यांचा चेहरा तेवढा देवनागरीसारखा काढलेला असतो. कृतिदेवमध्ये ‘विषय’ हा शब्द टंकताना फाइलमध्ये प्रत्यक्षात एफ, ओ, अवतरणचिन्ह, के आणि अर्धविराम अशी पाच चिन्हे साठवली जातात. डोळ्यांना ‘विषय’ दिसते, पण स्क्रीन रीडर चेहरा पाहत नाही. तो साठवलेली चिन्हे वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या कानावर निरर्थक रोमन अक्षरांचा मारा होतो. ब्रेल प्रदर्शकावर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांना जाणवणाऱ्या ठिपक्यांत उमटवणाऱ्या यंत्रावर, किंवा ब्रेल छपाईयंत्रावरही हाच गोंधळ उमटतो.

तपासणी सोपी आहे. सगळा मजकूर निवडून त्याला मंगल किंवा निर्मला यूआय हा फाँट लावावा. मराठी मराठीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांची खिचडी दिसू लागली, तर मजकूर जुन्या फाँटातला आहे आणि त्याचे रूपांतर करणे भाग आहे. रूपांतर करणारी साधने विनामूल्य उपलब्ध आहेत, मात्र त्यांच्यावर विसंबून कागद पुढे पाठवू नये. मूळ कागदात मध्येच आलेले इंग्रजी शब्द, ईमेलचे पत्ते आणि कधीकधी आकडेही या रूपांतरात देवनागरी कचरा होऊन बसतात. रफार, पहिली वेलांटी आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ऱ हमखास चुकतो. छोटे सूचनापत्र असेल तर रूपांतराच्या मागे न लागता ते इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर किंवा गूगलच्या कळफलकावर नव्याने टंकावे, असे मी अनुभवाने सांगेन. त्यात कमी वेळ जातो.

युनिकोडमध्ये टंकतानाही काही सवयी सोडाव्या लागतात. ‘विषय’ या शब्दानंतर अपूर्णविरामाचे दोन ठिपके हवे असतात, पण पुष्कळ जण तेथे विसर्ग टंकतात. डोळ्यांना फरक कळत नाही, आवाज मात्र ‘विषयह’ असा उच्चार करतो. मथळा उठून दिसावा म्हणून ‘सू च ना’ अशी सुटी अक्षरे लिहिली, तर तीन वेगळे शब्द ऐकू येतात. तो ठसा हवाच असेल तर अक्षरांतील अंतर फाँटच्या मांडणीतून वाढवावे. ‘दि.’, ‘क्र.’, ‘मा.’ ही संक्षिप्त रूपे आपण डोळ्यांनी पूर्ण करून घेतो, पण आवाज ती जशीच्या तशी उच्चारतो आणि पुढच्या बिंदूला वाक्य संपल्यासारखा थांबतो. दिनांक, क्रमांक, माननीय असे पूर्ण लिहिण्यात चार अक्षरांहून अधिक काही जात नाही. तारीखही तिरप्या रेघा देऊन लिहिण्याऐवजी ‘१२ ऑगस्ट’ अशी महिन्याच्या नावासह लिहावी.

भाषा आणि रचना सांगून ठेवा

देवनागरी दिसली म्हणजे भाषा मराठी हे संगणकाला आपोआप कळत नाही. हिंदीची आणि नेपाळीची लिपीही तीच आहे. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून पुनरावलोकनाच्या पट्टीतून त्याची भाषा मराठी अशी ठरवून द्यावी, म्हणजे ज्याच्याकडे मराठी आवाज आहे त्याचा स्क्रीन रीडर तो आवाज निवडू शकतो. संकेतस्थळावर हेच काम पानाच्या भाषेच्या खुणेत ‘एमआर’ हा संकेत लिहून होते. एरवी हिंदी आवाज मराठी वाचू लागतो आणि ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च एकाच छापाचे ऐकू येतात. अर्थ लागतो, पण पाच पानांचा अहवाल असा ऐकून पाहिला की थकवा येतो.

रचनेचे महत्त्व तर याहूनही मोठे आहे. डोळस वाचक पानावरून नजर फिरवतो, ठळक मथळे टिपतो आणि हवा तो भाग गाठतो. स्क्रीन रीडरवर ही नजर मथळ्यांच्या खुणांतून मिळते. एनव्हीडीएच्या वाचनपद्धतीत एच ही कळ दाबली की थेट पुढच्या मथळ्यावर जाता येते, टी दाबली की तक्त्यावर. मात्र मथळा केवळ अक्षर मोठे आणि ठळक करून दिलेला असेल, तर या कळेला काहीच सापडत नाही आणि ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळे ऐकत जावे लागते. म्हणून वर्डमधील शीर्षकाच्या तयार शैली वापराव्यात. सूचनेच्या नावाला पहिल्या पातळीची आणि ‘सभेपुढील विषय’, ‘थकबाकी’, ‘टीपा’ यांना दुसऱ्या पातळीची शैली द्यावी. सभेपुढील विषयांना हाताने आकडे न घालता क्रमांकित यादीची सोय वापरली, तर एकूण किती विषय आहेत हे यादी सुरू होतानाच कळू शकते.

थकबाकीचा तक्ता स्पेसबार दाबत रकाने जुळवून कधीही करू नये. तसा तक्ता ऐकताना सगळी नावे आणि आकडे एका ओळीत वाहत जातात आणि कोणाची रक्कम कोणती हे कळत नाही. खरा तक्ता घालावा, पहिली ओळ शीर्षकाची असल्याची खूण तक्त्याच्या मांडणीतून करावी आणि रकाने एकमेकांत विलीन करणे टाळावे. शीर्षकाची ओळ नीट ठरवलेली असेल, तर एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना स्क्रीन रीडर ‘सदनिका क्रमांक’, ‘येणे रक्कम’ अशी शीर्षके ऐकवतो आणि आपण कोठे आहोत याचे भान राहते.

चित्रांना शब्द द्या

चित्रावर उजवी कळ दाबली की पर्यायी मजकुराची चौकट मिळते. तेथे चित्राचे नाव न लिहिता त्यातली माहिती लिहावी. पार्किंगच्या नव्या आराखड्याला ‘आराखडा’ म्हणणे निरुपयोगी आहे. ‘दक्षिणेकडील फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताला दुचाकींसाठी बारा जागा’ असे लिहिले तर तो आराखडा खरोखर पोहोचतो. नुसत्या शोभेच्या वेलबुट्टीला शोभेचे चित्र अशी खूण करावी, म्हणजे स्क्रीन रीडर ती गाळून पुढे जातो. गटावर आमंत्रणपत्रिकेचा फोटो पाठवताना त्याखाली तोच मजकूर टंकून द्यावा. ही एक सवय लागली तरी बरेच काही साधेल.

कमी दिसणाऱ्यांसाठी

अल्पदृष्टी असलेले आणि वयपरत्वे नजर मंदावलेले वाचक संख्येने जास्त असतात आणि ते डोळ्यांनीच वाचतात. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्याने त्याच मापाची अक्षरे रोमनपेक्षा लहान भासतात आणि ओळी एकमेकींत अडकतात. म्हणून अक्षर किमान १४ मापाचे ठेवावे आणि ओळींमधले अंतर दीडपट असावे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील तीव्रतेचे गुणोत्तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ लागते. ते मोजणारी साधने महाजालावर फुकट मिळतात, पण पांढऱ्यावर पिवळे आणि भगव्यावर लाल ही आपल्याकडची आवडती जोडी बहुधा या कसोटीला उतरत नाही, हे मोजल्याशिवायही सांगता येते. ‘लाल रंगातील सभासदांनी रक्कम भरावी’ असेही लिहू नये. थकबाकीदारांच्या नावापुढे ‘बाकी’ हा शब्द असावा.

पीडीएफ करताना

येथे एक सापळा आहे. वर्डमधून छपाईची आज्ञा देऊन पीडीएफ केली की शीर्षके, तक्ते आणि पर्यायी मजकूर यांच्या सगळ्या खुणा गळून पडतात. त्याऐवजी फाइल पीडीएफ स्वरूपात जतन करावी आणि पर्यायांच्या चौकटीत सुगमतेसाठी रचनेच्या खुणा ठेवण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, हे पाहावे. एवढे करूनही देवनागरीची अडचण उरतेच. पीडीएफ अक्षरांचे आकार साठवते आणि जोडाक्षराचा आकार कोणत्या अक्षरांपासून बनला हे तिला प्रत्येक वेळी नीट परत सांगता येत नाही. तयार पीडीएफमधला एक परिच्छेद नक्कल करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. ‘व्यवस्थापन’ तुटून आले तर ते ऐकतानाही तुटकेच ऐकू येईल. यावर मला सापडलेला भरवशाचा उपाय एकच आहे, तो म्हणजे पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइलही पाठवणे.

सही-शिक्क्याची प्रत नोंदीसाठी हवी असेल तर ती जरूर स्कॅन करावी, पण वाचण्याची प्रत वेगळी द्यावी. जुना कागद मुळात छापीलच असेल, तर तो ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके ठेवून, सरळ स्कॅन करून अक्षरओळख करून घ्यावी, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून घ्यावा. टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी ओळखते आणि गूगल ड्राइव्हमध्ये प्रतिमा डॉक्सने उघडली तरी मजकूर मिळतो. तो माणसाने वाचून शुद्ध करणे आवश्यक आहे, आकड्यांच्या बाबतीत तर फारच. ग्रंथालयांना पुस्तकांबाबत स्वामित्वहक्काची धास्ती वाटते. २०१२ साली दुरुस्त झालेल्या भारतीय कायद्यात अपंग व्यक्तींसाठी ना-नफा तत्त्वावर सुगम प्रत करण्याची मुभा आहे. याच विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देशही भारतच होता.

हे सौजन्यापुरते नाही, हेही पदाधिकाऱ्यांना ठाऊक असावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात उपलब्ध होईल यासाठी शासनाने उपाय योजावेत असे सांगते आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेचे किमान निकष बंधनकारक असायला हवेत असा निर्णय दिला आहे.

पाठवण्याआधी

वर्डमधील सुगमता तपासणी एकदा चालवावी. ती राहून गेलेला पर्यायी मजकूर आणि शीर्षक नसलेले तक्ते दाखवते, पण विसर्ग किंवा चुकलेला रफार तिला कळत नाही. त्यासाठी पुन्हा एनव्हीडीए सुरू करावा आणि त्यातील पडदा काळा करण्याची सोय वापरून तीन प्रश्नांची उत्तरे केवळ ऐकून शोधावीत : सभा केव्हा आणि कोठे आहे, चौथा विषय कोणता आहे, एका ठरावीक सदनिकेची बाकी किती आहे. उत्तर मिळायला जेथे अडखळायला होईल तेथे दुरुस्ती हवी आहे.

त्यानंतर स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या सभासदालाच पहिली प्रत पाठवून विचारावे, की वर्ड फाइल सोयीची पडते, पीडीएफ चालते, की मजकूर थेट संदेशातच हवा. एकाला जे सोयीचे ते दुसऱ्याला असेलच असे नाही. मिळालेले उत्तर सभासद नोंदवहीत त्यांच्या नावापुढे लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी सचिव बदलले तरी तोच प्रश्न त्यांना पुन्हा ऐकावा लागणार नाही.