लिनक्सवर रार फाइल मुक्त साधनांनी कशी उघडावी

नव्याने बसवलेल्या लिनक्सवर रार फाइलवर (अनेक फाइली दाबून एकत्र ठेवलेल्या संग्रहावर) दोनदा क्लिक केले की बरेचदा ‘या प्रकारची फाइल उघडता येत नाही’ अशा आशयाची सूचना येते आणि आर्क किंवा फाइल रोलर हा असे संग्रह उघडणारा प्रोग्रामच कुचकामी आहे, असा वापरणाऱ्याचा समज होतो. वास्तविक हे प्रोग्राम मुख्यतः खिडकी आणि बटणे पुरवतात. रार फाइल उलगडण्याचे प्रत्यक्ष काम ते बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या आज्ञेकडे सोपवतात आणि नेमकी तीच संगणकावर बसवलेली नसते.

ती आधीपासून का नसते, याचे उत्तर परवान्यात आहे. रशियन प्रोग्रामर युजीन रोशाल यांनी १९९३ साली आणलेला रार हा मालकी हक्काचा प्रकार आहे. त्यांच्याच ‘अनरार’ या प्रोग्रामचा सोर्स कोड कोणालाही फुकट मिळतो, वाचता येतो आणि त्यात बदलही करता येतात. परंतु त्याच्या आधारे रारची कॉम्प्रेस करण्याची पद्धत नव्याने घडवण्यास परवान्यानेच मनाई आहे. या एका अटीमुळे डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार त्याला ‘नॉन-फ्री’ (मुक्त नसलेल्या) विभागात बसवतो आणि फेडोरा या दुसऱ्या प्रकाराच्या मूळ भांडारात तो सापडतच नाही. सेव्हन-झिप या दुसऱ्या संग्रह-प्रोग्राममध्ये रार वाचणारा जो भाग आहे त्यालाही हेच कलम लागू असल्याने डेबियनने तो भाग मूळ पॅकेजातून वेगळा काढला आहे. ज्यांना अशी कोणतीही अट नसलेले साधन हवे असेल त्यांच्यासाठी दोन भरवशाचे पर्याय उरतात: ‘उनार’ आणि ‘लिबआर्काइव्ह’. माझ्या मते सुरुवात उनारपासूनच करावी.

पुढील आज्ञा देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) त्या लहान रोमन अक्षरांत टाइप करायच्या आहेत. उनार म्हणजे यू, एन, ए, आर ही चार अक्षरे. डेबियन, उबुंटू किंवा मिंटवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल उनार’ आणि फेडोरावर ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल उनार’ एवढे पुरते. आर्च लिनक्सवर मात्र पॅकेजचे नाव ‘अनआर्कायव्हर’ असे आहे. डाग ऑग्रेन यांनी मॅकसाठी लिहिलेल्या ‘द अनआर्कायव्हर’ या प्रोग्रामचे हे टर्मिनलवरचे रूप असून त्याचा परवाना एलजीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना आहे. ते बसवले की आर्कसारखे खिडकीवाले प्रोग्रामही त्याचा उपयोग करून घेऊ शकतात, त्यामुळे ज्यांना टर्मिनलचे वावडे आहे त्यांचे काम कदाचित इथेच संपेल.

पॅकेजासोबत दोन आज्ञा येतात. पहिली ‘एलएसएआर’, जी फाइलच्या आत काय आहे ते केवळ दाखवते. ‘एलएसएआर’ आणि पुढे फाइलचे नाव दिले की पहिल्याच ओळीत फाइलचा प्रकार कळतो, म्हणजे ती २०१३ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीची आहे की त्याआधीची. ‘हायफन एल’ जोडल्यास प्रत्येक फाइलचा क्रमांक, आकार आणि तारीख दिसते. नावाच्या ओळीत मोठे ‘ई’ अक्षर असेल तर ती फाइल पासवर्डने बंद केलेली आहे, असे समजावे. ‘हायफन टी’ जोडले तर फाइल डिस्कवर न उतरवता ती शाबूत आहे की नाही याची तपासणी होते. मोठी फाइल डाउनलोड केल्यावर ही तपासणी आधी करून घेतलेली बरी.

दुसरी आज्ञा ‘उनार’, जी फाइल प्रत्यक्ष उलगडते. संग्रहात वरच्या पातळीवर एकाहून अधिक गोष्टी असतील तर ती स्वतःच संग्रहाच्या नावाचे फोल्डर करून सर्व काही त्यात ठेवते, त्यामुळे शेकडो फाइली डाउनलोडच्या फोल्डरभर विखुरण्याचा वैताग टळतो. दुसरीकडे ठेवायचे असल्यास ‘हायफन ओ’ लिहून जागा सांगावी. पासवर्ड ‘हायफन पी’ने आज्ञेतच देता येतो, पण तसे करू नये, कारण तो शेलच्या (टर्मिनलमध्ये दिलेल्या आज्ञांच्या) इतिहासात उघडा नोंदला जातो; न दिल्यास आज्ञा स्वतःच विचारते आणि टाइप केलेली अक्षरे पडद्यावर दिसत नाहीत.

तुकड्यांत विभागलेल्या रार फाइली ‘पार्ट१’, ‘पार्ट२’ अशा नावांनी येतात, तर जुन्या पद्धतीत पहिल्या तुकड्याचे एक्स्टेंशन रार आणि पुढच्यांची आर००, आर०१ अशी असतात. सर्व तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवून आज्ञेला फक्त पहिल्याचे नाव द्यावे. बाकीचे ती शोधून घेते. तपासणीत चूक निघाली तर आधी तुकड्यांचे आकार पाहावेत. शेवटचा सोडून सारे तुकडे सहसा बाइटपर्यंत सारखे असतात, त्यामुळे मधलाच एखादा लहान दिसला तर तो अर्धवट उतरलेला आहे आणि तेवढाच पुन्हा डाउनलोड करणे पुरेसे आहे, हे लगेच कळते.

मराठी नावांच्या फाइलींबाबत एक वेगळीच अडचण येते आणि तिचा रारशी थेट संबंध नाही. विंडोजवर फाइलच्या नावात युनिकोडची साधारण २५५ एकके बसतात. लिनक्सच्या ईएक्सटी४सारख्या फाइल सिस्टिममध्ये मर्यादा २५५ बाइटची असते आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सारे धरून जेमतेम ८५ चिन्हे. एखाद्या स्कॅन केलेल्या पुस्तकाला शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि वर्ष असे लांबलचक नाव दिले असेल तर विंडोजवर बिनबोभाट उघडणारी फाइल इथे अडते आणि दोष मात्र रारच्या माथी मारला जातो. अशा वेळी ‘एलएसएआर हायफन एल’ने त्या फाइलचा क्रमांक पाहावा, समजा तो ७ आहे. मग ‘उनार हायफन ओ हायफन हायफन आय’ एवढे लिहून, संग्रहाचे नाव, ७ हा आकडा, ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह आणि एखादे आटोपशीर नवे नाव द्यावे. ‘हायफन ओ’नंतरच्या सुट्या हायफनमुळे मजकूर फाइलऐवजी सरळ बाहेर टाकला जातो आणि आपण दिलेल्या नावाने साठवला जातो. हायफनच्या या गर्दीत मोकळ्या जागा चुकवू नयेत: पहिला हायफन ‘ओ’ला चिकटून, दुसरा एकटा, तिसरा ‘आय’ला चिकटून.

नावांच्या जागी निरर्थक अक्षरे दिसली तर ‘हायफन ई’ लिहून अक्षरसंचाचे नाव सांगता येते. जुन्या रशियन किंवा जपानी संग्रहांना याचा उपयोग होतो. देवनागरीला क्वचितच, कारण विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडच्याच मार्गाने आली.

लिबआर्काइव्हचा परवाना बीएसडी प्रकारचा असून तिची ‘बीएसडीटार’ ही आज्ञा डेबियनमध्ये ‘लिबआर्काइव्ह-टूल्स’ या पॅकेजातून मिळते. २०१९ मधील ३.४.० आवृत्तीपासून ती पाचव्या पिढीची रार वाचते. ‘बीएसडीटार हायफन एक्सएफ’ आणि फाइलचे नाव, एवढीच तिची आज्ञा. स्क्रिप्टमध्ये वापरायला ती सुटसुटीत आहे, मात्र पासवर्ड असलेली रार ती उघडत नाही आणि तुकड्यांच्या संग्रहासाठीही तिच्यावर विसंबू नये.

काही ठिकाणी मुक्त साधनांचा इलाज चालत नाही. रारमध्ये बिघाड दुरुस्त करण्यासाठी जी जादा माहिती ठेवता येते तिचा उपयोग करून फाइल दुरुस्त करायची असेल तर मालकीचा मूळ ‘रार’ प्रोग्रामच लागतो; अनरारलाही ते जमत नाही. तसेच २०२४ मधील विनरार (रारची विंडोजवरील आवृत्ती) ७ पासून ४ जीबीहून मोठी डिक्शनरी (कॉम्प्रेस करताना वापरायची स्मृती) वापरून फाइल करता येते आणि अशी फाइल उघडायला सातव्या आवृत्तीचे अनरार लागते. सर्वसामान्य देवाणघेवाणीत अशा फाइली फारशा भेटत नाहीत. नाइलाजाने अनरार घ्यावे लागलेच तर ते ६.१२ किंवा त्यानंतरचे आहे याची खात्री करावी, कारण त्याआधीच्या आवृत्त्यांत मुद्दाम रचलेली रार फाइल ठरवलेल्या फोल्डरच्या बाहेर फाइली लिहू शकत असे. ही त्रुटी २०२२ मध्ये उघड झाली.

जुन्या मॅकवरील स्टफइट फाइलीही उनार याच पद्धतीने उघडते, त्यासाठी निराळे काही बसवावे लागत नाही. एस या जुन्या प्रकारासाठी मात्र पायथॉनमध्ये लिहिलेले ‘एसफाइल’ हे मुक्त साधन घ्यावे.