जुन्या लिनक्सला प्रिंटरचा पोर्ट दिसत नसेल तर

खानापूर, जांबोटीकडच्या पावसाळ्यात पहिला संशय प्रिंटर केबलच्या पिनांवर घ्या. चार महिन्यांच्या ओलाव्याने त्यांवर हिरवट थर चढतो. संगणक आणि प्रिंटर दोन्ही बंद करूनच केबल काढा, कारण चालू असताना ओढाताण केली तर पोर्ट जळू शकतो. संगणकाकडचं टोक 25 पिनांचं, प्रिंटरकडचं 36 जोडांचं. संगणकावरचा प्रिंटर पोर्ट भोकांचा असतो. 25 टोकदार पिना दिसल्या तर तो सिरीयल पोर्ट, तिथे हात लावू नका.

केबल ठीक असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये जा. निपाणीच्या एका तंबाखू वखारीत आमचे दोन तास इथेच गेले: बायोसची बॅटरी संपून पॅरलल पोर्ट, म्हणजे हाच प्रिंटर पोर्ट, ‘डिसेबल्ड’ (बंद) झाला होता. तो चालू करा, पत्ता 378, आयआरक्यू (पोर्टने प्रोसेसरला हाक द्यायचा क्रमांक) 7 ठेवा. ईसीपी या वेगवान मोडने अडत असेल तर साधा एसपीपी मोड निवडा, डॉट मॅट्रिक्सला तेवढा पुरतो.

मग लिनक्समध्ये रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) होऊन ‘मॉडप्रोब’ (modprobe) या आज्ञेने आधी ‘पारपोर्ट_पीसी’ (parport_pc), नंतर ‘एलपी’ (lp) हे मॉड्यूल, म्हणजे पोर्ट चालवणारे कर्नलचे भाग, चढवा. ‘डीमेसग’ (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमध्ये ‘पारपोर्ट0’ (parport0) आणि ‘एलपी0’ (lp0) दिसले की कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, पोर्ट ओळखला. शेजारी ‘पोलिंग’ (आयआरक्यूऐवजी कर्नल स्वतःच पोर्टला विचारत राहतो) लिहिलेलं असेल तर घाबरू नका, छपाई होते. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या प्रणालीवर मात्र नाव ‘एलपीटी0’ (lpt0) असतं, ‘एलपी0’ शोधत बसू नका.

रूटला छापता येतं पण दुकानातल्या खात्याला नाही? मग त्या खात्याला ‘एलपी’ या, प्रिंटर पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात घाला.