कोकणातल्या पहाटेसाठी क्रोशाची कानटोपी

कोकणच्या किनारपट्टीला लोकरीची टोपी कशाला लागते, असे घाटावरून आलेले पाहुणे हमखास विचारतात. त्यांनी एकदा डिसेंबर-जानेवारीत पहाटे चार वाजता हर्णैच्या बंदरावर उभे राहून पाहावे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, मतलई वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहू लागतो आणि दिवसभराच्या दमट हवेला सरावलेल्या माणसाच्या नेमका कानाशी झोंबतो. मिनी महाबळेश्वर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दापोलीत तर गारठा याहून जास्त असतो आणि मोहोरावर फवारणी करायला भल्या सकाळी बागेत शिरणाऱ्याच्या डोक्यावर झाडाचे दंव टपटपत असते. मात्र दहा वाजेपर्यंत ऊन चांगले तापते आणि हीच टोपी डोक्यावर नकोशी होते. म्हणून आपल्याकडची टोपी वारा अडवणारी, कान पूर्ण झाकणारी, पण वजनाला हलकी आणि काढून खिशात घालता येईल अशी असावी. बर्फाच्या प्रदेशासाठी केलेले जाडजूड नमुने जसेच्या तसे विणून इथे भागत नाही.

हे मला पहिल्याच टोपीने शिकवले. धाकट्या दिरांसाठी मी मोठ्या हौसेने खांबांची, म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्यांची, टोपी विणली होती. खांब उंच असल्यामुळे ती दोन संध्याकाळींत पुरी झाली आणि दिसलीही सुरेख. चार दिवसांनी पाहिले, तर होडीवर जाताना ते तिच्यावरून टॉवेल गुंडाळत होते. दोन खांबांच्या मधल्या फटीतून वारा सरळ आत जात होता. मी ती टोपी उसवली आणि त्याच लोकरीची अर्ध्या खांबांनी पुन्हा विणली. अर्धा खांब बुटका आणि जाड असतो, त्याची वीण भरीव येते. मुका खांब, म्हणजे अर्ध्या खांबापेक्षाही बुटका टाका, याहूनही घट्ट असतो, पण त्याची टोपी कडक होते आणि डोक्यावर बसण्याऐवजी ताठ उभी राहते. त्यामुळे कानांवरची पट्टी सोडून पुढची सगळी कृती अर्ध्या खांबाची आहे.

लोकर घेताना वेष्टनावरचा मजकूर वाचावा. दुकानात लोकर म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे अ‍ॅक्रिलिकचे असतात आणि रोजच्या वापरासाठी ते चांगलेच आहेत, कारण अ‍ॅक्रिलिक पाणी शोषत नाही, लवकर वाळते आणि घरी धुता येते. खरी, मेंढीची लोकर मात्र आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा पोटात घेऊनही ओली वाटत नाही आणि थोडी भिजली तरी ऊब सोडत नाही, म्हणून होडीवर जाणाऱ्यासाठी तीच घ्यावी. शेकोटीजवळ बसणाऱ्यांसाठीही हाच सल्ला आहे, कारण ठिणगी पडली की अ‍ॅक्रिलिक वितळते. सुती दोरा या कामाला घेऊ नये, तो दंवाने जड होतो आणि मग गार पडतो. मोठ्या माणसाच्या एका टोपीला मध्यम जाडीची साधारण 100 ग्रॅम लोकर पुरते. रंगांच्या गुंड्यांवर छटेचा (डाय लॉटचा) क्रमांक छापलेला असतो. दोन गुंडे घ्यायचे असतील तर क्रमांक जुळवूनच घ्यावेत, नाहीतर टोपीच्या मधोमध रंग बदललेला दिसतो.

मध्यम जाडीच्या लोकरीला 5 मिलिमीटरची, टोकाला आकडा असलेली क्रोशाची सुई लागते आणि खालच्या पट्टीसाठी 4.5 मिलिमीटरची. सुई अ‍ॅल्युमिनियमची किंवा बांबूची असावी. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी सुईला नकळत गंज चढतो आणि फिक्या लोकरीवर त्याचे तांबूस डाग उतरतात, ते मग निघत नाहीत.

आता मापाकडे वळू. मला सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे, कारण बिघडलेल्या बहुतेक टोप्या मापातच बिघडलेल्या असतात. शिवणकामाची टेप भुवयांच्या वरून, कानांच्या वरच्या टोकांवरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवावी. मोठ्या माणसाचे माप बहुधा 54 ते 58 सेंटिमीटर भरते. विणलेली टोपी ताणली जाते, म्हणून तिचा घेर डोक्यापेक्षा सुमारे 4 सेंटिमीटर कमी धरावा. 56 सेंटिमीटरच्या डोक्याला 52 सेंटिमीटरची टोपी नीट बसते. त्यानंतर त्याच लोकरीचा आणि त्याच सुईचा अर्ध्या खांबांचा 15 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणावा, तो सपाट ठेवावा आणि कडा सोडून मधल्या 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके आले ते मोजावे. माझ्या हाताला 14 येतात, म्हणजे सेंटिमीटरला 1.4 टाके. 52 ला 1.4 ने गुणले की 72.8 होतात. माथा प्रत्येक फेरीत आठ टाक्यांनी वाढतो, म्हणून त्याला जवळची आठच्या पाढ्यातली संख्या घ्यायची, ती 72, म्हणून टोपी 72 टाक्यांची. तुमचा हात घट्ट असेल आणि 16 टाके येत असतील, तर 80 टाके धरावेत. हात सैल असेल आणि 12 येत असतील, तर 64. तुकडा विणायला अर्धा तास जातो, पण पुरी झालेली टोपी उसवायला लागते तेव्हा त्या अर्ध्या तासाची किंमत कळते.

अर्धा खांब असा घालायचा: सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यावा, सुई टाक्यात घालून लोकर ओढून वर आणावी. सुईवर आता तीन वेढे असतील. पुन्हा लोकर पकडावी आणि ती तिन्ही वेढ्यांतून एकदमच बाहेर काढावी. पूर्ण खांबात हे वेढे दोन-दोन करून दोनदा सोडवतात, अर्ध्या खांबात एकदाच. माझ्या सासूबाई डाव्या तर्जनीवर लोकर दोनदा गुंडाळून घेतात आणि करंगळीच्या बेचक्यातून खाली सोडतात, त्यामुळे प्रत्येक टाक्याला सारखाच ताण मिळतो. नवशिक्यांनी ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. टाके एकसारखे येण्यात सुईच्या हातापेक्षा लोकर धरणाऱ्या हाताचा वाटा मोठा असतो.

सुरुवात टोपीच्या माथ्यापासून करावी. चार साखळ्या (सुईवरच्या वेढ्यातून लोकर ओढून केलेले साधे टाके) जोडून गोल केला तर मध्ये भोक राहते, म्हणून मॅजिक रिंग करावी: दोन बोटांवर लोकर सैल गुंडाळून गोल करायचा, पहिली फेरी त्या गोलातच विणायची आणि मग सुटे टोक ओढून गोल मिटवायचा. हे टोक निदान 15 सेंटिमीटर ठेवावे. गोलात एक साखळी घालून 8 अर्धे खांब विणावेत आणि पहिल्या खांबाच्या माथ्यात स्लिप स्टिच घालून (सुई टाक्यात घालून लोकर सुईवरच्या वेढ्यातूनही एकदमच ओढून) फेरी जोडावी. पुढे प्रत्येक फेरीच्या आरंभी एक साखळी घालावी, पण ती टाका म्हणून मोजू नये. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन अर्धे खांब घातले की 16 होतात. तिसरीत एका टाक्यात एक आणि पुढच्यात दोन, हे आठ वेळा केले की 24. चौथीत दोन टाक्यांत एकेक आणि तिसऱ्यात दोन, म्हणजे 32. याच रीतीने प्रत्येक फेरीत आठ टाके वाढतात आणि दोन वाढींच्या मधले साधे टाके एकेकाने वाढत जातात, ते नवव्या फेरीपर्यंत. तेव्हा सात टाक्यांत एकेक आणि आठव्यात दोन असे विणून 72 भरतात. 64 टाक्यांची टोपी असेल तर आठव्या फेरीला थांबावे, 80 ची असेल तर दहाव्या.

वाढीचे टाके दर फेरीला एकावर एक आले तर माथा गोल न होता अष्टकोनी दिसू लागतो. तो टाळायला एकाआड एक फेरीत वाढ दोन-तीन टाके पुढे सरकवावी, एकूण संख्या तीच राहते. माथा टेबलावर ठेवून पाहत राहावे. कडेला झालर पडू लागली तर वाढ जास्त होते आहे, आणि खोल वाटी होऊ लागली तर कमी. नारळाच्या उथळ करवंटीइतका बाक हवाच, तोच डोक्यावर बसतो.

फेरी कुठे सुरू झाली ते ओळखायला पहिल्या खांबात वेगळ्या रंगाचा दोरा किंवा सेफ्टी पिन अडकवून ठेवावी. जोडणीच्या स्लिप स्टिचलाच टाका समजून त्यात विणणे आणि फेरीचा शेवटचा खांब विसरणे, या दोन चुका फार होतात. टाके प्रत्येक फेरीअखेर मोजावेत. तीन फेऱ्यांनी मोजले तर तीन फेऱ्या उसवाव्या लागतात.

वाढ संपली की, म्हणजे 72 टाक्यांच्या टोपीत दहाव्या फेरीपासून, सोळाव्यापर्यंत वाढ न करता टाक्यावर टाका विणावा. इथे हात आपोआप चालतो. सोळा फेऱ्यांची उंची सुमारे 16 सेंटिमीटर भरेल. कमी भरली तर एखादी फेरी वाढवावी. टोपीला थोडी नजाकत द्यायची असेल तर शेवटच्या दोन फेऱ्या वेगळ्या घालाव्यात. अर्ध्या खांबाच्या माथ्यावर साखळीसारखे दोन दोरे दिसतात आणि त्यांच्या मागे, उलट बाजूला किंचित खाली, तिसरा आडवा दोरा असतो. सुई त्या तिसऱ्या दोऱ्यात घातली की माथ्याची साखळी सुलट बाजूला उठून येते आणि टोपीभोवती वेणी घातल्यासारखी दिसते. एवढ्या सोप्या युक्तीने दिसण्यात इतका फरक पडतो की मी आता एकही टोपी तिच्याशिवाय विणत नाही.

कानांवरची पट्टी हा या टोपीचा खरा आधार आहे. 4.5 ची सुई घेऊन आधी पूर्ण खांबांची एक फेरी विणावी. त्यानंतर टाक्याच्या माथ्यात सुई न घालता खांबाच्या अंगाभोवती घालायची. एक खांब समोरून घेऊन आणि पुढचा मागून घेऊन विणला की समोरचा उठून येतो आणि मागचा दबतो, आणि स्वेटरच्या मनगटासारखी ताणली जाऊन परत मिटणारी उभ्या रेघांची पट्टी तयार होते. टाके सम संख्येत असल्यामुळे फेरी बरोबर जुळते. पुढच्या फेऱ्यांत उठलेल्यावर समोरून आणि दबलेल्यावर मागूनच विणावे. साध्या टोपीला अशा चार फेऱ्या पुरतात. मी मात्र आठ घालते आणि पट्टी 5 सेंटिमीटर वर दुमडते, म्हणजे नेमकी कानांवर दुहेरी वीण येते, माथा एकेरी आणि हवेशीर राहतो, आणि कानांसाठी वेगळे पाळे विणून नाडी बांधायची गरज उरत नाही. शेवटी लोकर कापून टोक सुईने वेगवेगळ्या दिशांना तीनदा ओवावे, एकाच दिशेने ओवलेले टोक धुण्यात निसटते. दुमडायची पट्टी असेल तर टोक सुलट बाजूला, घडीच्या आत लपेल असे ओवावे.

रंगांच्या बाबतीत प्रत्येकाची आवड निराळी. मला आमसुली टोपीला मोतिया पट्टी फार आवडते, आणि मोरपंखीवर करडा रंगही शोभतो. रंग बदलताना जुन्या रंगाच्या शेवटच्या अर्ध्या खांबाचे तीन वेढे सोडवायला नवी लोकर घ्यावी आणि स्लिप स्टिचही तिनेच घालावी, म्हणजे सांधा पायरीसारखा दिसत नाही. फेऱ्यांची जोडणी तिरकी सरकत जाते, टोपी घालताना ती मागे ठेवावी.

बाळंतविड्यातले टोपडे विणायचे असेल तर हीच कृती बारीक, मऊ लोकरीने आणि 3.5 च्या सुईने करावी, टाके अर्थातच नव्याने मोजून. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर 33 ते 36 सेंटिमीटर असतो. आमच्या सासूबाई टेप हाती घेत नाहीत, त्या सोललेला मोठा नारळ घेऊन टोपडे त्यावर चढवून बघतात आणि अंगठ्याने कड ओढून ढील तपासतात. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही. टोपड्याला मणी किंवा गोंडा लावू नये, आणि झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर नाडीची टोपी ठेवू नये.

टोपी गार पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. खरी लोकर गरम पाण्यात चोळली तर आटून नमद्यासारखी घट्ट होते. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि डोक्याच्या मापाच्या उपड्या पातेल्यावर सावलीत वाळवावी, म्हणजे माथा गोल राहतो. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री कधीही फिरवू नये, वीण कायमची चपटी आणि निर्जीव होते. शिमगा झाला की टोपी धुऊन, पूर्ण कोरडी करून, कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून सुती फडक्यात बांधावी आणि झाकणाच्या डब्यात ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि मृगानंतर बुरशीचे ठिपके येतात. गणपतीच्या सुमारास जेव्हा चांगले ऊन पडेल, तेव्हा फडके सोडून टोपीला तासभर हवा द्यावी.