फ्लॅगशिप फोन घेताना एमएएच किती बघायचे? मराठवाड्याच्या उन्हातला हिशोब

मोबाइलच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चार्जिंग टिकतं का?" उत्तरही ठरलेलं, "पाच हजारची बॅटरी आहे, बिनधास्त घ्या." हे पाच हजार म्हणजे एमएएच, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप. लाखाच्या आसपासचा फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सर्वांत वरचा फोन घेताना एवढ्या उत्तरावर पैसे मोजू नका. शेततळं केवढं आहे हे कळलं, पण त्यावर मोटार किती एचपीची बसवलीय हे कुणी सांगितलंच नाही, असा तो प्रकार आहे.

म्हणून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: एमएएच बघूच नका, प्रोसेसर चांगला असला की झालं. हेही आपल्याकडे खरं ठरत नाही. बहुतेक परीक्षणं एसीच्या खोलीत, वायफायवर होतात. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि शहर सोडलं की टॉवरच्या दोनच काड्या उरतात. ऊन आणि रेंज या दोन्ही गोष्टी बॅटरी खातात, म्हणून इथे हाताशी जास्तीची बॅटरी लागते. ४,८०० आणि ५,००० यातल्या फरकावर वेळ घालवू नका. ४,०००, ५,००० आणि ६,००० यातला फरक मात्र संध्याकाळी कळतो.

आधी स्वतःचा खर्च मोजा

नवा फोन निवडण्याआधी जुन्या फोनवर तीन दिवस हे करा. तिन्ही दिवस कामाचे असावेत, रविवार नको.

सकाळी ७ ला १०० टक्के करून चार्जर काढा. दिवसभर नेहमीसारखा वापरा, मध्ये चार्जिंगला लावू नका. संध्याकाळी ५ ला टक्के लिहून ठेवा. मग सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. आयफोनमध्ये आणि अलीकडच्या काही अँड्रॉइड फोनमध्ये ती टक्क्यांत दिसते. दिसत नसेल तर दोन-अडीच वर्षं रोज वापरलेल्या फोनला ८५ टक्के धरून चाला.

समजा जुना फोन ४,५०० एमएएचचा आहे आणि हेल्थ ८४ टक्के. म्हणजे आज त्यात खरे ३,७८० एमएएच मावतात. १० तासांत १०० वरून २१ वर आला, म्हणजे ७९ टक्के गेले. ३,७८० चे ७९ टक्के म्हणजे जवळपास ३,०००. ताशी ३०० एमएएच. हा तुमचा खर्च.

आता सकाळी ७ ते रात्री १० असे १५ तास धरले तर ४,५०० लागतात. ५,००० चा नवा फोन पहिल्या दिवशी हे निभावून नेईल आणि १० टक्के शिल्लक ठेवेल. पण बॅटरी झिजते. हेल्थ ८० वर आली की त्याच फोनमध्ये ४,००० उरतात आणि तो रात्री ८ वाजून २० मिनिटांनी बंद पडतो. ६,००० च्या फोनमध्ये त्या टप्प्यालाही ४,८०० असतात, रात्रीचे १० गाठता येतात. फोन चार वर्षं वापरायचा असेल तर हिशोब नेहमी ८० टक्क्यांवर करा. दुकानातल्या पहिल्या दिवसावर करू नका. दोन वर्षांत बदलणारच असाल तर ५,००० पुरतील.

नव्या प्रोसेसरमुळे खर्च थोडा कमी होतो हे खरं, पण ती बचत उन्हाळ्याच्या खात्यात जमा धरा. खर्च ताशी २०० च्या आत येत असेल, म्हणजे ऑफिसात वायफाय, दिवसभरात चार फोन आणि थोडं व्हॉट्सॲप, तर ४,००० चा लहान फोनही चालतो. ताशी ४०० च्या पुढे असेल, तर ६,००० च्या खालचा फोन घेऊन संध्याकाळी चार्जर शोधत फिरावं लागेल.

आकडा नीट वाचा

खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो 'टिपिकल' आकडा. खाली बारीक अक्षरात 'रेटेड' म्हणजे किमान आकडा असतो. सॅमसंग गॅलेक्सी एस२५ अल्ट्राचे टिपिकल ५,००० आणि रेटेड ४,८५५ आहेत. साध्या एस२५ चे ४,००० आणि ३,८८५. तुलना करताना दोन्ही फोनचा एकाच प्रकारचा आकडा घ्या.

ॲपल जाहिरातीत एमएएच देत नाही, व्हिडिओ किती तास चालतो ते सांगते. आयफोन १६ प्रो मॅक्ससाठी तो आकडा ३३ तासांचा आहे. हे तास फक्त आयफोनची आयफोनशी तुलना करायला वापरा. व्हिडिओ चालवताना फोनला फारसं काम नसतं; बाइकवर मॅप लावून वर्गणीच्या पावत्या स्कॅन करण्याशी त्याचा संबंध नाही.

जमलं तर वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा आहे ते बघा. एमएएचला बॅटरीच्या व्होल्टेजने गुणून हजाराने भागलं की तो आकडा येतो. ५,००० एमएएच आणि ३.८८ व्होल्ट म्हणजे १९.४ वॉट-अवर. हाच आकडा अनेक फ्लॅगशिपमध्ये दिसतो, त्याला कारण आहे. २० वॉट-अवरपेक्षा मोठा एक सेल असला की विमान-जहाजाच्या वाहतुकीचे नियम कडक होतात. म्हणून काही कंपन्या त्या रेषेच्या आत थांबतात, तर काही दोन सेल जोडून पुढे जातात. याचमुळे एखाद्या मॉडेलची युरोपातली बॅटरी भारतातल्यापेक्षा लहान असू शकते. परदेशी व्हिडिओ बघून ठरवत असाल तर भारतातल्या मॉडेलचा आकडा वेगळा तपासा.

वनप्लस १३ सारख्या फोनमध्ये नेहमीच्याच जाडीत ६,००० बसतात ते सिलिकॉन-कार्बन बॅटरीमुळे. नेहमीच्या बॅटरीतल्या ग्रॅफाइटपेक्षा सिलिकॉन वजनामागे कितीतरी जास्त चार्ज धरतं, पण चार्ज होताना जवळपास तिप्पट फुगतं. म्हणून त्यात कार्बन मिसळून ते आवरतात. तंत्र चांगलं आहे, घ्यायला हरकत नाही. फक्त उन्हाची पथ्यं त्यालाही तेवढीच लागू आहेत.

ऊन: इथे खरी बॅटरी जाते

आयफोन ० ते ३५ अंशांत वापरावा असं ॲपल स्वतः सांगते आणि त्यापुढच्या तापमानात बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते असंही सांगते. बाकी फोनमध्येही लिथियम-आयन बॅटरीच असते. आपल्याकडे मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दुपारची सावलीसुद्धा ३५ च्या वर असते.

उन्हात तीन गोष्टी एकदम होतात. स्क्रीन दिसावी म्हणून फोन ब्राइटनेस पूर्ण चढवतो, त्याची वीज जाते. आतला प्रोसेसर तापतो, मग फोन स्वतःहून वेग आणि ब्राइटनेस कमी करतो. कॅमेरा अडकतो आणि स्क्रीन अचानक अंधारते ती यानेच. आणि बॅटरी तापलेली असताना चार्जर लावला की चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास गेली की बहुतेक फोन चार्ज घ्यायला नकार देतात. फोन बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो.

म्हणून प्रोसेसर थंड चालतो का, हे एमएएचच्या आधी बघा. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ हा प्रोसेसर २०२१ च्या अखेरीस आला आणि ८ प्लस जेन १ २०२२ मध्ये. आराखडा जवळपास तोच, पण पहिला सॅमसंगच्या कारखान्यात बनला आणि दुसरा टीएसएमसी या तैवानी कंपनीच्या. दुसरा ठळकपणे कमी वीज खायचा आणि कमी तापायचा. जुना फ्लॅगशिप स्वस्तात मिळतोय म्हणून घेत असाल तर हा फरक जरूर बघा. परीक्षणात 'थ्रॉटलिंग' किंवा 'सस्टेन्ड परफॉर्मन्स' हा भाग असतो. २०-३० मिनिटांनंतरचा वेग किती टिकतो ते तिथे कळतं.

वापरताना ही पथ्यं पाळा:

- बाइकच्या हँडलवर मॅप लावून वर पॉवर बँक जोडायची नाही. ऊन, स्क्रीन आणि चार्जिंग या तिन्हीची उष्णता एकत्र येते. निघण्याआधी चार्ज करा, इअरफोनवर आवाजी सूचना लावा, फोन खिशात ठेवा. शिवाय इंजिनच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्यातलं स्थिर ठेवणारं यंत्र बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने दिलेला आहे. लाखाच्या फोनला हँडलवर जागा नाही.
- गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून मोंढ्यात जाऊ नका. बंद गाडीत काचेमागे हवा बाहेरच्यापेक्षा खूप तापते.
- तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळू नका. आत दव धरतं. कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली १० मिनिटं ठेवा, मग चार्जर लावा.
- रात्रभर उशीखाली चार्जिंग नको. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता या जोडीने ती सर्वांत लवकर झिजते. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असते: आयफोन १५ पासून पुढे, सॅमसंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन' नावाने. एप्रिल-मे मध्ये ती लावून ठेवा. इथे मोठ्या बॅटरीचा खरा उपयोग होतो. ६,००० चे ८० टक्के ४,८०० होतात आणि मर्यादा लावूनही दिवस निघतो. ४,००० वाल्याला ही चैन परवडत नाही.

दोन काड्यांची रेंज

टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावून सिग्नल पाठवावा लागतो. आखाड्यावर फोन नुसता खाटेवर पडून असला तरी बॅटरी उतरते ती यामुळे. ५जी आणि ४जीच्या सीमेवर असाल तर फोन सतत इकडून तिकडे उड्या मारतो, ते आणखी वाईट.

काड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग 'अबाउट फोन', मग सिम स्टेटस इथे सिग्नल उणे आकड्यात दिसतो. ४जीवर उणे ९० च्या आसपास चांगला, उणे ११० च्या खाली गेला की बॅटरी खाणारा. घरी, दुकानात, शेतात असे तीन ठिकाणचे आकडे लिहून घ्या. आकडा वाईट असेल तिथे 'प्रिफर्ड नेटवर्क'मध्ये ४जी निवडा. घरी ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. दुसरं सिम नुसतं ओटीपीसाठी असेल आणि त्याला तिथे रेंजच नसेल, तर ते बंद ठेवा. दोन सिम म्हणजे दोनदा टॉवर शोधणं.

लाईट आणि चार्जर

लाईट कधी येईल याचा भरवसा नसेल तर चार्जिंगचा वेग एमएएचइतकाच महत्त्वाचा आहे. एस२५ अल्ट्रा ४५ वॉटवर अर्ध्या तासात ६५ टक्क्यांपर्यंत जातो असा कंपनीचा दावा आहे, पण खोक्यात चार्जर नसतो. त्यासाठी पीपीएस असलेला यूएसबी पीडी चार्जर (ही दोन्ही जलद चार्जिंगच्या पद्धतींची नावं) आणि ५ अँपिअरची केबल घ्यावी लागते. नेहमीची ३ अँपिअरची केबल लावली की वेग कमी होतो आणि दोष चार्जरला दिला जातो. ८०-१०० वॉटवाल्या फोनचं उलट आहे: सोबतच्या चार्जरवर ते पळतात, दुसरा चार्जर लावला की वेग बहुधा निम्म्याच्याही खाली येतो. त्यामुळे मूळ चार्जर घरी ठेवून गावाला जाऊ नका.

पॉवर बँकेचा हिशोबही असाच. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर. व्होल्टेज बदलताना आणि फोन चार्ज होताना उष्णतेत वाया जातं ते वजा केलं की २८ च्या आसपास फोनला मिळतात, म्हणजे ५,००० चा फोन जेमतेम दीड वेळा. पॉवर बँकेवरही 'रेटेड कपॅसिटी' छापलेली असते. तोच आकडा धरा.

पैसे देण्याआधी

कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि बॅटरी बदलायला किती पैसे लागतात, हे फोन घेण्याआधी विचारा. तालुक्याच्या गावाहून संभाजीनगर किंवा नांदेडला दोन चकरा होणार असतील तर तोही खर्च आहे. दोन फोनमध्ये मन अडकलं असेल तर ज्याची बॅटरी जिल्ह्यातच बदलून मिळते तो घ्या. खोक्यावरचा उत्पादनाचा महिनाही बघा. वर्षभर गोदामात पडलेल्या बॅटरीची थोडी झीज आधीच झालेली असते.

पहिल्या आठवड्यात बॅटरी लवकर उतरली म्हणून घाबरू नका. फोटोंची मांडणी, ॲपचे अपडेट, बॅकअप हे सगळं मागे चालू असतं. दुसऱ्या आठवड्यात सकाळी ७ ते संध्याकाळी ५ ची तीच मोजणी पुन्हा करा. वरच्या उदाहरणात ५,००० च्या नव्या फोनवर ५ वाजता ४० टक्के किंवा जास्त दिसायला हवेत. ३० च्या खाली असेल तर सेटिंगमध्ये बॅटरी वापराची यादी उघडा. सर्वांत वर मोबाइल नेटवर्क किंवा एखादं ॲप न उघडताच बसलेलं दिसेल. आधी ते आवरा. तरीही आकडा हलला नाही, तर तीन दिवसांच्या नोंदीचे स्क्रीनशॉट घेऊन बदलीची मुदत संपण्याआधी दुकानात जा.